राबणे म्हणजे व्यायाम नव्हे

 

वस्तीत आरोग्य शिबिर लावले की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. पहिले आपल्या बायाबापड्यांचे. "ताई, आम्हाला कशाला व्यायाम? सकाळपासून रात्रीपर्यंत राबतोच की आम्ही." दुसरे वाक्य तपासणाऱ्या डॉक्टरांचे. "रोज अर्धा तास चालत जा मावशी, शुगर आपोआप खाली येईल." मावशी मान डोलावतात, गोळ्या घेतात आणि निघतात. चार घरची धुणीभांडी उरकून, स्वतःच्या घरचा स्वयंपाक करून हा अर्धा तास आणायचा कुठून, हे त्या डॉक्टरांना विचारत नाहीत. डॉक्टरही ते विचारत नाहीत.

माझ्या मते ही दोन्ही वाक्ये अपुरी आहेत. राबणाऱ्याला वाटते, श्रम म्हणजेच व्यायाम. सल्ला देणाऱ्याला वाटते, व्यायाम न करणारा माणूस आळशी. गेल्या सत्तर वर्षांत हालचाल आणि आरोग्य यांवर जे संशोधन झाले, त्याने दोघांनाही उत्तर दिले आहे. ते आपल्या समाजापर्यंत पोहोचलेले नाही, म्हणून आज या पानावर त्याविषयी लिहिते.

सुरुवात लंडनच्या बसपासून झाली. जेरी मॉरिस नावाचे एक डॉक्टर होते. गरीब, स्थलांतरित ज्यू कुटुंबातला मुलगा, ग्लासगो शहरात वाढलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये हृदयविकाराने माणसे भराभर मरू लागली आणि कारण कोणाला कळेना. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१ हजार पुरुष कामगारांची माहिती तपासली. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवर, एकाच शहरात, जवळपास सारख्याच पगारावर काम करणारे. फरक एवढाच, की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर डबलडेकरच्या जिन्यावर खालीवर करणारा. तो दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढायचा. १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आला. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता आणि झाला तरी त्यात दगावण्याचे प्रमाणही कमी होते. टपाल खात्यातही तेच दिसले. पायी आणि सायकलवर पत्रे वाटणारा पोस्टमन हा टेबलावर बसणाऱ्या कारकुनापेक्षा सुरक्षित होता. मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करू लागले आणि नव्व्याण्णव वर्षे जगले.

हे संशोधन आपल्या नव्या पिढीला जसेच्या तसे लागू पडते. आजोबांनी गिरणीत खस्ता खाल्ल्या, वडिलांनी शिकून नोकरी धरली, आज मुलगा बँकेत, मंत्रालयात किंवा आयटी कंपनीत खुर्चीवर बसतो. ती खुर्ची हक्काची आहे, ती मिळवायला तीन पिढ्या झिजल्या आहेत. त्या खुर्चीचा मला अभिमान आहे. पण आपल्या शरीराला खुर्चीचा मान कळत नाही, बसून राहणे तेवढे कळते. पस्तिशीत बीपी आणि चाळिशीत शुगर घेऊन येणारी आपली शिकलेली मुले-मुली आता प्रत्येक शिबिरात भेटतात. आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. हा आता फक्त श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही.

मॉरिस यांचा निष्कर्ष वाचून कोणी म्हणेल, मग आमची मावशी बरोबरच बोलते. कंडक्टरचे कामच त्याचा व्यायाम होता, तसे आमचे काम आमचा व्यायाम. खरी गुंतागुंत इथेच आहे.

डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात आणि आसपास एक मोठा अभ्यास झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. १ लाख ४ हजारांहून अधिक माणसांना दोन वेगळे प्रश्न विचारले होते. कामावर तुम्ही किती अंगमेहनत करता? आणि कामाबाहेर, स्वतःच्या वेळेत, किती हालचाल करता? नंतर साधारण दहा वर्षे त्यांच्या आजारांची आणि मृत्यूंची नोंद पाहिली. स्वतःच्या वेळेत भरपूर हालचाल करणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका तशी हालचाल न करणाऱ्यांच्या मानाने सुमारे ४० टक्के कमी निघाला. आणि कामावर सर्वात जास्त अंगमेहनत करणाऱ्यांमध्ये? बैठे काम करणाऱ्यांच्या मानाने मृत्यूचा धोका २७ टक्के जास्त, हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या मोठ्या झटक्यांचा धोका ३५ टक्के जास्त. धूम्रपान, वजन, शिक्षण, उत्पन्न यांचा हिशोब वजा करूनही हा फरक उरला. घाम तोच, हाडे-स्नायू तेच, पण एक हालचाल आयुष्य वाढवते आणि दुसरी कमी करते.

असे का होते, याची सहा कारणे आंद्रेयास होल्टरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली मांडली. ती वाचताना मला डेन्मार्कचे कामगार दिसले नाहीत, आपलीच माणसे दिसली.

पहिले कारण, कामातली हालचाल हृदयाचा दम वाढवण्याइतकी जोराची नसते आणि संपतही नाही. लादी पुसणाऱ्या बाईची कंबर दिवसभर वाकलेली असते, पण हृदयाला जो वेग लागतो तो मिळत नाही. दुसरे, आठ-दहा तास काम केल्याने हृदयाचे ठोके रात्री झोपेतही पुरते खाली येत नाहीत. तिसरे, जड वजन उचलणे आणि एकाच अवस्थेत ताटकळणे यामुळे रक्तदाब चढतो आणि चढलेला राहतो. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा तोडणी कामगार, घमेली वाहणारी बिगारी बाई, कचऱ्याची गाडी ढकलणारा सफाई कामगार, सगळ्यांचे हेच. चौथे, विश्रांती पुरत नाही. आजचा थकवा उतरण्याआधी उद्याची शिफ्ट सुरू होते. पाचवे, कामाची लगाम कामगाराच्या हातात नसते. ऊन झाले म्हणून थांबता येत नाही, तहान लागली म्हणून बसता येत नाही. बायका तर लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. सहावे, अशा सततच्या ओढाताणीने शरीरात आतल्या आत सूज राहते आणि ती रक्तवाहिन्या खराब करते.

या निष्कर्षावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे, तोही सांगते. नॉर्वेतल्या चार लाखांहून अधिक माणसांच्या अभ्यासात शिक्षण, उत्पन्न, व्यसने यांचा हिशोब लावल्यावर अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांना तोटा दिसला नाही. म्हणजे काही शास्त्रज्ञ म्हणतात, श्रम झिजवतो, आणि काही म्हणतात, श्रमाबरोबर येणारी गरिबी झिजवते. आपल्या घरात दोन्ही एकत्रच नांदतात, त्यामुळे आपल्याला या वादात बाजू घेण्याची घाई नाही. एक लक्षात ठेवू. हे दोन्ही देश श्रीमंत आहेत. तिथे कामाचे तास ठरलेले आहेत, पगारी सुट्ट्या आहेत, सरकारी दवाखाना आहे. तिथेही कामाचे श्रम व्यायामाची जागा बिनधोक भरून काढतात असे ठामपणे म्हणता येत नसेल, तर आपल्या नाक्यावरच्या कामगाराला "तुला व्यायामाची काय गरज" असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आता आपल्या देशाचे आकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२२ साली भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आणि स्त्रियांत ५७ टक्के. या मोजणीत कामावरची, घरातली, ये-जा करतानाची सगळी हालचाल धरलेली असते. मग दिवसभर पाय न टेकणाऱ्या आपल्या बायका कमी कशा पडतात? कारण चुलीपुढे ताटकळणे, धुण्याशी वाकणे, रांगेत उभे राहणे यात शरीर थकते, पण दम वाढत नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाचे २८९ मिनिटे त्या बिनपगारी कामात जातात असे निघाले. पुरुषांची ८८ मिनिटे. त्याआधी आयसीएमआरच्या ज्या पाहणीत महाराष्ट्रही होता, तिच्यात मोकळ्या वेळेत मौज म्हणून किंवा तब्येतीसाठी हालचाल करणारे लोक दहा टक्क्यांहूनही कमी निघाले होते.

मोकळा वेळ. सगळे घोडे इथेच अडले आहे. व्यायामाला पैसा लागत नाही, असे सगळे सांगतात. त्याला वेळ लागतो, जागा लागते, पोटात अन्न लागते आणि अंगात उरलेली ताकद लागते. या चारही गोष्टी आपल्या समाजाला कधी सहज मिळाल्या नाहीत.

पळवणकर बाळू यांचे उदाहरण घ्या. आपल्या वाचकांना ते १९३७च्या निवडणुकीतले बाबासाहेबांचे प्रतिस्पर्धी म्हणून माहीत असतील. पण त्याआधी ते देशातले पहिल्या फळीचे गोलंदाज होते. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर मैदान झाडायचा, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, नेट लावायचा. साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकायचा. फलंदाजी मात्र साहेबांचीच. पुढे हिंदूंच्या संघात घेतले, तेव्हा मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू चालायचा, पण चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. मैदान एकच आणि ऊनही एकच, पण एकाच्या वाट्याला खेळ आणि दुसऱ्याच्या वाट्याला काम. डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी ज्याला विरोधाभास म्हटले, तो आपल्याकडे जातीने शेकडो वर्षे राबवला. श्रम एका जातीकडे आणि फुरसत दुसरीकडे.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. गांधीवादावर टीका करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली, ती याच कारणासाठी. जनावरासारखे दिवसभर राबणाऱ्या माणसाला विचार करायला, शिकायला, संस्कृती घडवायला फुरसत मिळत नाही आणि ती फुरसत यंत्र देऊ शकते, असा त्यांचा मुद्दा होता. ते नुसते लिहून थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कामाच्या तासांचा प्रश्न धसास लावला. कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी सुट्टीचा हक्क मिळाला. १९४६च्या दुरुस्तीने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. आठ तासांचा दिवस हा आपल्याकडे कामगार कायदा म्हणून शिकवला जातो. परिचारिका म्हणून मी त्याला आरोग्याचा कायदा म्हणते. उरलेल्या सोळा तासांत झोप, जेवण, मुलेबाळे, वाचन आणि शरीराची निगा यांना जागा झाली.

ही जागा आता पुन्हा आकसत चालली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याला मान्यता दिली. पहिली विश्रांती पाच तासांऐवजी सहा तासांनी, तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे आणि ओव्हरटाइमला कामगाराची लेखी संमती लागेल, असे सरकार सांगते. संमतीच्या कागदावर गरजू माणूस सही करणार नाही तर काय करणार? आणि शरीर आठवड्याच्या हिशोबाने थकत नाही, ते दिवसाच्या हिशोबाने थकते. बारा तास उभे राहिलेल्या पायांना रविवारची सुट्टी पुरत नाही. या बदलाकडे आपल्या संघटनांनी फक्त पगाराच्या नजरेने पाहू नये, आयुष्याच्या नजरेने पाहावे.

आपण बाबासाहेबांच्या अठरा-अठरा तास अभ्यासाचे दाखले मुलांना देतो. द्यावेतच. पण त्याच बाबासाहेबांना मधुमेहाने पोखरले होते, पाय दुखून उभे राहणे कठीण झाले होते, आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी ते आपल्यातून गेले, हेही मुलांना सांगावे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ छापून आलेला त्यांना पाहता आला नाही. त्यांच्याकडे पर्याय नव्हता, कोट्यवधींचे ओझे एका खांद्यावर होते. आपण आता कोट्यवधी आहोत. ओझे वाटून घेता येते आणि चळवळीला म्हातारपणापर्यंत धडधाकट राहणारी माणसे हवी आहेत.

धम्मात तर चालण्याला साधनेचे स्थान आहे. बोधगयेला गेलेल्यांनी महाबोधी विहाराच्या उत्तरेकडचा रत्नचंक्रमण पाहिला असेल. संबोधीनंतर भगवान बुद्ध जिथे येरझाऱ्या घालत चालले, ती ही जागा अशी परंपरा आहे. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात चंक्रमणाचे पाच फायदे सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, प्रयत्न करण्याची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले-प्यालेले पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता टिकते. पाचांपैकी चार फायदे सरळ शरीराचे आहेत. देह झिजवून मोक्ष मिळवण्याचा मार्ग बुद्धांनी स्वतः अनुभवून सोडला होता. शरीराला छळू नका आणि लाडावूही नका, हा मध्यम मार्ग व्यायामालाही लागू आहे.

आता फिजिओथेरपीविषयी. आपल्या वस्तीत याला "शेक द्यायचं डिपार्टमेंट" म्हणतात. पोलिओच्या साथीनंतर १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली, म्हणजे हे शास्त्र आपल्या गिरणगावातच रुजले. तरी कंबर धरली की आपली माणसे आधी मेडिकलवरून गोळी आणतात, मग इंजेक्शन, मग बाजारातून कमरेचा पट्टा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत ठरवून दिलेला व्यायाम आणि रुग्णाला दुखणे समजावून सांगणे यांना स्थान आहे. कमरेचे पट्टे, वजने लावून ओढणे, अफूच्या जातीची वेदनाशामके या गोष्टी नेहमीच्या उपचारात नकोत असे म्हटले आहे. गुडघ्याचेही तसेच. झिजलेल्या गुडघ्याला मांडीचा मजबूत स्नायू आधार देतो आणि तो स्नायू बसून राहिल्याने नव्हे, व्यायामाने मजबूत होतो.

"काम करून कंबर गेली, आणि तुम्ही पुन्हा व्यायामच सांगता?" असे विचारणाऱ्या बहिणीला माझे उत्तर असे. काम कमरेचा एकच भाग, एकाच दिशेने, हजार वेळा वापरते. व्यायाम उरलेले भाग जागे करतो, मोजून करतो आणि थांबू देतो. कधी सुरू करायचा, कधी थांबायचा हे तुम्ही ठरवता, मुकादम नाही.

मग किती करायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. पासष्टीच्या पुढच्यांनी तोल सांभाळण्याचा व्यायामही करावा, कारण म्हातारपणी पडणे आणि खुबा मोडणे हे घर बसवते. मध्यम गती ओळखायची सोपी खूण अशी की चालताना बोलता येते, पण भीमगीत म्हणता येत नाही. सलग अर्धा तास मिळत नसेल तर दहा-दहा, पाच-पाच मिनिटांचे तुकडेही मोजले जातात. दहा हजार पावलांचा धसका घेऊ नका. तो आकडा साठच्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला आहे. बराचसा फायदा सात हजार पावलांच्या आसपासच मिळतो, आणि दोन हजारांवरून चार हजारांवर जाणाऱ्यालाही तो मिळतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तर शुगर कमी चढते.

विहारात किंवा समाजमंदिरात करता येतील असे चार व्यायाम सांगते.

१. खुर्चीतून उठ-बस. हात छातीवर ठेवून दहा वेळा सावकाश उठायचे, सावकाश बसायचे. जमत नसेल तर हाताचा आधार घ्या.

२. भिंतीला तळहात टेकून उभे राहायचे, कोपरे वाकवून छाती भिंतीजवळ न्यायची, पुन्हा ढकलून मागे. दहा वेळा.

३. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या, हळू खाली आणायच्या. दहा वेळा. मग त्याच खुर्चीजवळ एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहायचे, नंतर दुसऱ्या.

४. चटईवर उताणे झोपून गुडघे दुमडायचे आणि कंबर जमिनीपासून उचलायची, पाच आकडे थांबायचे, खाली आणायची. आठ-दहा वेळा. कमरेसाठी हा चांगला.

काही सावधगिरीही लक्षात ठेवा. छातीत दुखले, घेरी आली, दम फार लागला तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. कंबरदुखीबरोबर पाय बधिर पडत असतील किंवा लघवी-संडासचा ताबा सुटत असेल तर व्यायाम नाही, तातडीने रुग्णालय गाठा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. आणि एक गोष्ट आपल्या विहारांसाठी मुद्दाम. जुन्या मधुमेहात तळपायाची जाणीव जाते. तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून फोड आला तरी कळत नाही, आणि पुढे त्याच जखमेवरून बोट कापायची वेळ येते. अशा उपासक-उपासिकांना विहाराच्या आवारात स्वच्छ, वेगळी चप्पल वापरू द्या. त्यात अनादर नाही, करुणा आहे.

इथपर्यंत जे सांगितले ते प्रत्येकाने स्वतः करायचे. पण माझा मुद्दा तेवढ्याने संपत नाही. वेळ आणि जागा हा एकट्याने सोडवायचा प्रश्न नाही, आणि आपला समाज एकट्याने काही मिळवत आलेलाही नाही. समता सैनिक दलाच्या कवायती आणि वस्तीतली लेझीम पथके ही आपली जुनी परंपरा आहे. ती फक्त १४ एप्रिलला रस्त्यावर दिसते. वर्षभर का नाही?

वर्षावासात तीन महिने आपल्या विहारांत ग्रंथवाचन होते. बायका रोज संध्याकाळी जमतात. त्या एका तासातली पहिली वीस मिनिटे चंक्रमणाला आणि वरच्या चार व्यायामांना द्या. गटात केलेला व्यायाम टिकतो, एकटीने ठरवलेला चौथ्या दिवशी सुटतो. "बाई नुसती फिरायला निघाली" असे बोलणाऱ्यांचे तोंड विहाराच्या कार्यक्रमापुढे बंद होते. त्या वीस मिनिटांत घरची भाकरी नवऱ्याने किंवा मुलाने टाकली तर २८९ आणि ८८ मधले अंतरही थोडे कमी होईल. स्त्री-पुरुष समतेचे भाषण व्यासपीठावर द्यायचे आणि घरी ताट वाढून मागायचे, हे आता पुरे. समाजातल्या फिजिओथेरपी शिकलेल्या मुला-मुलींनी महिन्यातून एक रविवार विहाराला द्यावा. पे बॅक टू सोसायटी आपण म्हणतो, ते असेही करता येते.

आणि सरकारकडे, पालिकेकडे मागण्या करू. कामगार वस्तीजवळची उद्याने पहाटे आणि रात्री उघडी ठेवा, दिवे लावा, बायकांसाठी स्वच्छतागृह ठेवा. समाजमंदिराचे सभागृह रोज दोन तास व्यायामासाठी मोकळे ठेवा, ते नुसते लग्नाला भाड्याने देण्यासाठी बांधलेले नाही. तालुक्याच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्टची पदे भरा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रावर त्याचा ठरलेला वार द्या, कारण एका व्यायामाची माहिती घ्यायला रोजंदारी बुडवून जिल्ह्याला कोणी जात नाही. सफाई कामगारांच्या हातगाड्या हलक्या करा, वजन उचलायला यंत्रे द्या. कारखान्यात, साइटवर, उसाच्या फडात पिण्याचे पाणी, सावली, स्वच्छतागृह आणि विश्रांतीची वेळ द्या. बारा तासांचा दिवस मागे घ्या.

हे अर्ज प्रत्येक विहाराच्या लेटरहेडवर, तिथल्या बायकांच्या सह्यांनी वॉर्ड ऑफिसात आणि तहसीलदारांकडे जाऊ द्या. पोच घ्यायला विसरू नका. आणि अर्ज द्यायला बसस्टॉपपासून पुढे सगळ्या मिळून चालतच जा. पहिल्या दिवसाची वीस मिनिटे तिथेच भरतील.